डावा कर्णा

१

त्या पत्र्याच्या खोलीला घरात कारखाना म्हणत, पण तिच्यात कामाला माणसं दोनच: एक भाऊ, एक बहीण. खोलीच्या अर्ध्या भागात भावाचं लाकूड, अर्ध्या भागात बहिणीच्या तारा. भुसा इकडून तिकडे जाऊ नये म्हणून मधे एक जुना पडदा लावला होता, आणि त्या पडद्यावरून दोघांचं रोज एकदा तरी वाजायचं. भाऊ स्पीकरची खोकी बनवायचा, बहीण ते चालवणारे ॲम्प्लिफायर. भावाला अख्खी गल्ली दादा म्हणे. बहिणीचं खरं नाव केव्हाच मागे पडलं होतं. लहानपणी तिने प्लगमध्ये केसांची पिन खुपसली, घरातले दिवे गेले, आणि त्या अंधारात दादाने तिचं नाव ठेवलं, ठिणगी. आता तिला चाळिशीचा चष्मा लागला होता तरी ती ठिणगीच होती.

दादाला चौकोनी खोकी करायचा कंटाळा. तो कर्णे करायचा. मागे मनगटाएवढा गळा आणि तिथून उमलत उमलत पुढे आलेलं, मिठीत न मावणारं लाकडी तोंड. अशा कर्ण्याला ताकद फारशी लागत नाही. दुसऱ्या स्पीकरला शंभर वॉट पाजून जेवढा आवाज निघेल तेवढा हा एका वॉटवर काढतो. पण त्याची खोडही तीच. जो कुजबुज मोठी करून सांगतो, तो ॲम्प्लिफायरच्या पोटातली खरखरही मोठी करूनच सांगतो. ती खरखर कमी करण्यात ठिणगीचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

तिचे ॲम्प्लिफायर क्लास-डी जातीचे. त्यांतले ट्रान्झिस्टर नळ अर्धवट सोडून ठेवल्यासारखे चालत नाहीत. पूर्ण उघडायचं, पूर्ण बंद व्हायचं, तेही एका सेकंदात लाखो वेळा. त्यामुळे वीज वाया जात नाही, काही तापत नाही, महिनोन्‌महिने चालू ठेवला तरी वर हात ठेवावा तर गार. शेवटी एक कॉइल ती सगळी उघडझाप गाळून घेते आणि पुढे जातं ते फक्त गाणं.

नवी जोडी तयार झाली की शेवटची परीक्षा ठरलेली. काहीही वाजवायचं नाही. ॲम्प्लिफायर चालू करायचा, आवाजाचं बटण पुरं वर न्यायचं, आणि कर्ण्याच्या तोंडात डोकं घालून ऐकायचं. त्या दुपारी पुढच्या खोलीत ठिणगीने आधी उजव्या कर्ण्यात डोकं घातलं. लांब कुठेतरी कोणी बारीक वाळू चाळतंय, एवढीच खरखर. ती खूश झाली. मग ती डाव्याकडे गेली.

डाव्यात काहीच नव्हतं.

कमी नव्हे, काहीच नव्हतं. रिकाम्या पेल्याला कान लावला तरी काहीतरी घुमतं. इथे तेही नाही. तिचा स्वतःचा श्वास, वर फिरणारा पंखा, आतल्या खोलीतलं वहिनीचं शिवणयंत्र, सगळं त्या तोंडाच्या काठाशी येऊन संपत होतं. समोर कोणीतरी श्वास रोखून उभं असावं, आणि आपलं बोलणं कधी संपतं याची वाट बघत असावं, तसं तिला वाटलं.

तिने डोकं बाहेर काढलं. पंखा पुन्हा ऐकू आला.

“झालं का गं?” आतून वहिनीने विचारलं. “की अजून डोकं खुपसायचं राहिलंय? त्या तोंडात एक दिवस तू अडकशील आणि मला तेल लावून ओढून काढावं लागेल.”

“झालं,” ठिणगी म्हणाली. का कोण जाणे, ती जरा हळूच म्हणाली.

२

कुठलाही दोष शोधायची ठिणगीची रीत साधी होती. डाव्याचं उजव्याला लावायचं, उजव्याचं डाव्याला. दोष ज्याच्याबरोबर जाईल तो चोर.

तिने तारांची अदलाबदल केली. डावा कर्णा मुकाच. म्हणजे ॲम्प्लिफायर सुटला. मग दोन्ही कर्ण्यांच्या गळ्यामागचे, आवाज काढणारे गोल ड्रायव्हर एकमेकांच्या जागी लावले. डावा तरीही मुकाच. म्हणजे तेही सुटले. राहिलं फक्त लाकूड.

“लाकडात दोष?” दादा पडद्यापलीकडून बाहेर आला. त्याच्या भुवयांवर भुसा होता. “लाकडात कसला आलाय दोष? दोन्ही एकाच फळीतून कापलेत. एकाच हाताने घासलेत. तुझी खरखर मेली याचा आनंद मान ना.”

“खरखर मेली असती तर आनंदच होता. दादा, गाणं लावलं की तो व्यवस्थित वाजतो. गाणं थांबलं की…” तिने कर्ण्याकडे बघितलं. “थांबलं की तो ऐकायला लागतो.”

दादाने तिच्याकडे बघितलं आणि तोंडभर हसला. “म्हणजे घरात एक तरी ऐकणारा आला म्हण.”

जोडी एका निवृत्त गायनमास्तरांची होती, पण ते मुलीकडे गेले होते आणि परत येईपर्यंत सांभाळा म्हणाले होते. कारखान्यात भुसा फार, म्हणून कर्णे पुढच्या खोलीतच राहिले. नवा ॲम्प्लिफायर सुरुवातीला अखंड चालू ठेवायचा ही ठिणगीची शिस्त होती. कच्चा माल असेल तर आपल्याच घरी मेलेला बरा, असं ती म्हणायची. तर आवाजाचं बटण खाली आणून तोही चालूच ठेवला. दोन कर्णे भिंतीशी, मधे टेबलावर ती छोटी गार पेटी आणि पेटीवर एक निळा दिवा.

३

आधी दाराची कडी गेली.

ती कडी म्हणजे त्या घराची घंटाच होती. कोणी आलं की खण्ण व्हायचं आणि वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची, कोण आहे? एका सकाळी दूधवाला थेट स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला तेव्हा वहिनी केवढ्याने दचकली. “कडी वाजवली की मी,” तो म्हणाला. ठिणगीने जाऊन कडी वरखाली केली. लोखंडावर लोखंड आपटत होतं. हाताला हादरा कळत होता. आवाज नव्हता.

“ढिली झाली असेल,” दादा म्हणाला.

मग शिवणयंत्र गेलं. त्या खडखडाटाला सगळे इतके सरावले होते की तो नाही हे कोणाच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. वहिनी पायडल मारतेय, सुई खालीवर होतेय, कापड पुढे सरकतंय, आणि सगळं कसं दुलईखाली चालल्यासारखं. वहिनीला वाटलं, लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नवऱ्याने पहिल्यांदाच न सांगता यंत्राला तेल घातलं. त्या खुशीत तिने दादाला दोनदा चहा दिला. दादाला तेल घातल्याचं आठवेना, पण चहा मिळतोय म्हटल्यावर तो गप्प बसला.

मग न्हाणीघरातला ठिबकणारा नळ. मग जिन्याची तिसरी पायरी, जी हमखास कुरकुरायची.

प्रत्येकाला काही ना काही कारण होतं. कडी झिजते. नळाखालची बादली हलते. लाकूड हवेने फुगतं आणि कुरकुरणं थांबतं, हे दादाच सांगे. ठिणगी प्रत्येक कारणाला मान डोलवायची आणि मनात म्हणायची, एकेक खरं असेल, पण सगळी एकदम? त्यापेक्षा सोपं कारण एकच होतं. आपले कान चालले. आयुष्यभर खरखर ऐकून ऐकून शेवटी त्यांनी हात टेकले.

म्हणून ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर जाड हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबा. ती दाबत गेली. आवाज बारीक होत गेले तरी ती दाबत राहिली. शेवटी डॉक्टरच कंटाळले.

“बाई, तुमचे कान माझ्यापेक्षा तरुण आहेत,” बाहेर आल्यावर ते म्हणाले. “तक्रार काय म्हणालात? घरातलं ऐकू येत नाही? घरची माणसं फार हळू बोलतात का?”

“आमची वहिनी? हळू?” ठिणगीला हसू आलं. डॉक्टरही हसले.

रस्त्याला लागल्यावर मात्र तिचं हसू गळून पडलं. कान गेले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं, एक स्कूटर सुरू होता होता बंद पडली, वरच्या गॅलरीत एक बाई मुलाला रागावत होती. सगळं लख्ख ऐकू येत होतं. ती घरात शिरली, मागे दार लावलं, कडी घातली, आणि पुन्हा ती दुलई.

४

त्याच दुपारी तिने वहिनीच्या खोलीतलं गजराचं घड्याळ उचललं. ते टिकटिक करायचं म्हणून दादा त्याच्या नावाने बोटं मोडायचा. ते तिने डाव्या कर्ण्याच्या तोंडाशी धरलं.

टिक, टिक, टिक. मग जरा बारीक. मग दुसऱ्या खोलीतून आल्यासारखी. मग नाहीच.

तिने घड्याळ मागे घेतलं, कानाला लावलं. सेकंदकाटा उड्या मारत पुढे जात होता. ती घड्याळ घेऊन कारखान्यात गेली आणि दादाच्या कानाशी धरलं.

“बंद पडलं?”

“काटा बघ.”

दादाने काटा बघितला. “मग मुक्याने चाललंय. बरं झालं, कटकट गेली.” ती हसली नाही. त्याने रंधा खाली ठेवला. “ठिणगे, काय झालंय?”

“तो पितोय, दादा. घरातलं एकेक पितोय. लहानसहान झालं, आता…”

“चल,” तो म्हणाला. त्याने विजारीला हात पुसले. ती लहान असताना पलंगाखाली कोणी नाही ना ते बघायला तो वाकायचा, अगदी त्याच सुरात म्हणाला, “चल, बघू कोण बसलंय ते.”

तिला वाटलं होतं, तो लाकूड वाजवून बघेल, सांधे चाचपेल. तो आपला सरळ गुडघ्यांवर बसला आणि खांद्यापर्यंत आत शिरला. विहिरीच्या काठावरून पोरं हाक मारतात तशी त्याने हाक मारली.

“ए! कोण आ…”

ठिणगी त्याच्या मागे हातभर अंतरावर उभी होती. ‘ए’ तिने स्वच्छ ऐकला. ‘कोण’ जरा लांबून आला. पुढचं आलंच नाही. पण दादाची पाठ हलत होती. तो आत अजून बोलत होता, हाका मारत होता. मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

तो बाहेर आला. केस विस्कटलेले, चेहरा हसरा. तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाला. ओठ हलले, हनुवटी हलली, डोळे मिचकावले. चांगला दोन वाक्यांचा विनोद असावा. मग तो हसला. पोट गदगदा हललं.

खोलीत फक्त पंखा वाजत होता.

स्वतःला ऐकू येत नाही हे त्याला कळायला एक क्षण लागला. तो क्षण ठिणगीने त्याच्या चेहऱ्यावर पूर्ण पाहिला.

५

कोणीही केलं असतं तेच तिने केलं. धावत जाऊन ॲम्प्लिफायरचा स्विच बंद केला.

निळा दिवा विझला. आणि दादा थांबला.

तो पडला नाही, कण्हला नाही. गळा चोळायला त्याने हात वर नेला होता, तो गळ्याजवळ पोचून तिथेच राहिला. डोळे उघडे, पण त्यांत बघणारं कोणी नाही. छाती हलतेय की नाही ते कळत नव्हतं. वहिनी दारात येऊन उभी राहिली, तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ठिणगीकडे, आणि अशी किंचाळली की…

पण नाही. तिची किंचाळी नीट ऐकू आली. ती अजून तिचीच होती.

“काय केलंस? काय केलंस तू त्याला?”

ठिणगीने स्विच पुन्हा दाबला. निळा दिवा लागला. दादाचा अर्धवट राहिलेला हात गळ्यापर्यंत गेला आणि त्याने गळा चोळला. मधे काही घडलं हे त्याच्या गावीही नव्हतं. बायको का रडतेय, बहीण भिंतीला का टेकलीय, हे तो डोळ्यांनी विचारत राहिला.

त्या पेटीचा स्विच पुन्हा कोणाचा धक्का लागून बंद होऊ नये म्हणून ठिणगीने त्यावर चिकटपट्टी लावली. संध्याकाळच्या आत तिने बॅटऱ्या जोडल्या, की वीज गेली तरी पेटी चालू राहावी. कॉइल, तारा, सोल्डर, सगळं हाताने सवयीने केलं. डोकं म्हणत होतं, हा निव्वळ योगायोग आहे, माणूस घाबरला की असा गोठतो. हात मात्र बॅटरीचा दुसरा संचही जोडत होते.

६

इस्पितळात दादाच्या घशात नळी घालून बघितलं. स्वरतंतू उत्तम. गाठ नाही, सूज नाही. “बोलायला काहीच हरकत नाही,” डॉक्टर म्हणाले, जणू दादा परवानगी मागायला आला होता. मग त्यांनी घरात काही ताणतणाव आहे का ते विचारलं. वहिनी म्हणाली, “आहे ना, भिंतीशी उभा करून ठेवलाय.” डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं नाही.

परत आल्यावर वहिनी ठिणगीशी बोलेना. सरळ अशी बोलेना. भांड्यांशी बोलायची. “घरात करायचे धंदे आहेत का हे? चार माणसं करतात तसं दुकान टाकलं असतं तर?” दादा दोघींच्या मधे बसून एकीकडून दुसरीकडे बघायचा आणि हात जोडायचा. त्याचा तो मुका चेहरा बघवत नव्हता. हा माणूस झोपेतसुद्धा बडबडायचा.

एका दुपारी ठिणगी पुढच्या खोलीत गेली तर वहिनी डाव्या कर्ण्यासमोर खाली बसलेली. पाय पसरून, कान लाकडी काठाला लावून. आत डोकं घालायची तिची हिंमत नव्हती, पण कान लावला होता. गालांवरून पाणी चाललं होतं.

“इकडे ये,” ती कुजबुजली. किती दिवसांनी बोलली. “ऐक.”

ठिणगीने दुसऱ्या काठाला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग खूप खोल कुठेतरी कडी वाजली. खण्ण. मग शिवणयंत्राचा खडखडाट सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. नळ ठिबकला. घड्याळ टिकटिकलं. एक अख्खं घर तिथे चालू होतं, त्यांचंच. जिन्याची पायरी कुरकुरली आणि पाठोपाठ माणसाची चाल आली. डावा पाय किंचित घासत चालणारी.

“हेच,” वहिनी म्हणाली. “हे त्यांचेच पाय.”

“हो, आलो,” आतून दादाचा आवाज आला.

दोघींनी एकदम मागे बघितलं. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. ओठ मिटलेले. तो बाहेर रस्त्याकडे बघत होता.

“नाही, तसं काही नाही,” आतला दादा म्हणाला. मोकळा, नेहमीचा आवाज, गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा. “बरं आहे इथे. जागा चांगली आहे.” मग तो थांबला. समोरचा काही बोलत असावा तेवढा वेळ. समोरच्याचा मात्र आवाज येत नव्हता. श्वाससुद्धा नाही. “बहीण. हो, तीच करते ते.” पुन्हा थांबला. यावेळी जरा जास्त. “हो, आहेत ना. दोघीही आहेत.”

मग आवाज किंचित खाली आला, दाराआडून कोणी बघतंय हे कळल्यावर येतो तसा.

“हो. आत्ता ऐकतायत.”

वहिनीने ठिणगीचं मनगट धरलं. नखं रुतेपर्यंत धरलं.

७

त्यानंतर वहिनी भांड्यांशी बोलायची थांबली. दोघी एक झाल्या. एकीने स्वयंपाक करायचा तेव्हा दुसरीने कर्ण्याशी बसायचं, असं न ठरवताच ठरून गेलं.

आतला दादा मजेत होता. रंधा मारायचा, गुणगुणायचा, त्या न बोलणाऱ्याला उत्तरं द्यायचा. पण रोज तो जरा लांबून ऐकू यायचा. आधी शेजारच्या खोलीत असल्यासारखा, मग जिन्याखाली असल्यासारखा, मग एखाद्या लांबलचक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. आणि तो जसजसा लांब जाई, तसतसा खुर्चीतला दादा फिका पडत जाई. चमचा तोंडापाशी नेऊन विसरायचा. हाताला धरून उठवलं तरच उठायचा.

ठिणगीने आवाजाचं बटण थोडं वर केलं. आतला दादा जवळ आला. खुर्चीतल्या दादाने घास संपवला. वहिनीचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी तो पुन्हा लांब. तिने बटण आणखी वर केलं. मग बटणाला वर जागा राहिली नाही, तेव्हा तिने कारखान्यात बसून जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर जोडायला घेतला. आयुष्यभर ती सांगत आली होती की या कर्ण्यांना एक वॉट पुष्कळ होतो. आता शंभर पाजून पुरत नव्हते. आणि जितकं जास्त पाजावं तितकं घर भराभर रिकामं होत होतं. भांडी वाजेनाशी झाली. पावलं वाजेनाशी झाली. वरच्या पंख्याची घरघर गेली. नळ पुरा सोडला तरी पाणी दिसायचं फक्त. कारखान्यात दादाचा हातोडा पत्र्याच्या भिंतीवर आपटून पाहिला, हात झिणझिणला, बाकी काही नाही. घरात ऐकू येण्यासारखं उरलं होतं ते दोघींचं बोलणं.

“किती दिवस पुरवशील अशी?” वहिनीने विचारलं.

“यंत्र आहे. यंत्र कधीतरी जळतंच,” ठिणगी म्हणाली. “एक जळलं तर दुसरं आपोआप सुरू होईल असं केलंय. दुसरं जळलं तर…” ती पुन्हा तारांवर वाकली.

एकदा दादा स्वतःहून उठला. भिंतीला धरत धरत कारखान्यात आला, पडद्याच्या त्याच्या बाजूला गेला, प्लायवुडचा एक तुकडा उचलला आणि त्याच्या सुताराच्या जाड पेन्सिलीने त्यावर लिहायला लागला. अक्षर लहान मुलासारखं. लिहून झाल्यावर तुकडा तिच्या पुढे धरला.

बंद कर.

“बंद केलं तर काय होतं ते मी पाहिलंय,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. तुकडा उलटा केला. मला माहीत आहे, असं लिहिलं. त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहायला घेतली, ‘तो’ एवढंच लिहिलं, आणि पुढे काय लिहायचं होतं ते त्याच्या डोळ्यांतून निघून गेलं. पेन्सिल हातात तशीच राहिली.

ठिणगीने ती हळूच काढून घेतली. “नाही रे दादा,” ती म्हणाली. “मला नाही जमायचं.” लहानपणी तो तिला जसा धरून न्यायचा तसं तिने त्याला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं.

८

ती त्याहूनही जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर जोडत होती त्या दुपारचीच गोष्ट. तारा जोडण्यापुरतीसुद्धा पेटी बंद ठेवता येत नव्हती, म्हणून जुना चालू असतानाच नवा जोडायचा होता, आणि असल्या कामात श्वास चुकला तरी ट्रान्झिस्टर जातो. ती वाकून काम करत होती. वहिनी कर्ण्याशी बसली होती.

“गेले गं,” वहिनी म्हणाली.

“थांब, झालंच.”

“नाही, फार लांब गेले. आता नुसते पाय येतायत.”

ठिणगीने दादाकडे पाहिलं. खुर्चीत त्याची मान कलली होती. तिने घाईने दुसरी तार उचलली. तिच्या मागे वहिनीने पदर खोचला, पाटावरून उठावं तशी उठली आणि गुडघ्यांवर बसली. ते ठिणगीने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बघितलं, पण हातात जिवंत तारा होत्या. त्या सोडल्या असत्या तर दादा गेला असता.

“वहिनी, नको!”

“अहो!” वहिनीने हाक मारली. भर गर्दीत, दहा माणसांच्या डोक्यांवरून मारावी तशी, घरातला उरलासुरला सगळा आवाज एकवटून. “अहो, घरी चला! जेवण गार हो…”

पुढचं ऐकू आलं नाही. पाठ मात्र बराच वेळ हलत राहिली.

ठिणगीने तारा जोडल्या. नव्या पेटीचा दिवा लागला. खुर्चीत दादाने मान उचलली. कर्ण्यातून वहिनी बाहेर आली, पदराने तोंड पुसलं, आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. जायचं ठरवलेल्या माणसाचा चेहरा होता. ती ठिणगीकडे बघून काही म्हणालीही नाही. म्हणून उपयोग नाही हे तिला आधीच माहीत होतं.

“का गेलीस?” ठिणगीने विचारलं. घरात आता तो एकच आवाज होता. स्वतःचाच आवाज तिला उसना आणल्यासारखा वाटला.

ती कर्ण्याकडे गेली. जाऊ नये हे तिला कळत होतं. तिने काठाला कान लावला.

दोघं बोलत होती. लांब, पण स्वच्छ. वहिनी त्याला रागावत होती, किती शोधायचं तुम्हाला, पायांना गोळे आले माझ्या. दादा हसत होता. काहीतरी म्हणाला आणि वहिनीही हसली. ती दोघं अशी किती दिवसांत हसली नव्हती. ऐकता ऐकता ठिणगीलाही हसू फुटलं, आणि डोळे भरून आले, आणि तेवढ्यात दोघंही एकदम गप्प झाली. मोठ्या माणसाने खोलीत पाऊल टाकल्यावर मुलं गप्प होतात तशी.

बराच वेळ काही नाही.

“नमस्कार,” वहिनी म्हणाली. परक्यांशी बोलायचा जपून ठेवलेला आवाज. मग ऐकून घेण्याएवढी शांतता. “नाही, आणखी कोणी नाही. ती एकटीच राहिली आहे.” पुन्हा शांतता. “हट्टी आहे थोडी. पण माझं ऐकते. सांगते ना मी.”

ठिणगीने झटक्यात डोकं मागे घेतलं. सगळ्या पेट्यांचा मिळून एकच केलेला स्विच तिच्या हाताशी होता, चिकटपट्टीसकट. तिने बोट त्यावर ठेवलं. एक टिचकी, बॅटऱ्यांच्या दोन तारा उपटायच्या, की संपलं. खिडकीपाशी दोघं बसली होती. दादाच्या गालावर फिकं ऊन पडलं होतं. त्याचे डोळे तिच्या बोटावर होते, आणि त्यांत ‘बंद कर’ अशी एवढी विनवणी होती की तिला बघवेना. तिने दाबायचं ठरवलं. खरंच ठरवलं. बोट नुसतं तिथे राहिलं.

स्टुलावरून वहिनी उठली. पाऊल न वाजवता जवळ आली आणि तिने ठिणगीच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता. तापात कपाळावर ठेवायची तसाच. दुसऱ्या हाताने तिने ठिणगीचं बोट स्विचवरून अलगद सोडवलं, आणि तिचा चेहरा हनुवटीला धरून डाव्या कर्ण्याच्या तोंडाकडे वळवला.

“वहिनी,” ठिणगी म्हणाली. “वहिनी, नको ना.”

ते तिला ऐकू आलं. जरा लांबून.